हाल्डेन की कोसंबी?

दरवर्षी पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास उगवते. जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या गावच्या कॉलेजातले अमुक सर. सोबत फोटो. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि दोन्ही अंगांना संस्थेचे पदाधिकारी. ते त्या फोटोत शास्त्रज्ञापेक्षा नेहमीच जास्त कृतकृत्य दिसतात. चार दिवसांनी फाट्यावर फ्लेक्सही लागतो. मला हा फ्लेक्स मनापासून आवडतो. एरवी जिथे भावी नगरसेवक आणि त्यांना आशीर्वाद देणारी मंडळी लटकत असतात, तिथे एखादा जीवरसायनशास्त्रज्ञ थोडा अवघडून, चष्म्यातून एसटीकडे बघत उभा आहे, हे दृश्य डोळ्यांना गारवा देतं.

फ्लेक्सच्या तळाशी हल्ली आकडे असतात. पेपर इतके, सायटेशन्स इतकी, एच-इंडेक्स इतका. सरांनी नेमकं शोधलं काय, ते फ्लेक्सवर मावत नाही. आकडे मावतात. उद्या वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात मंगळ आणि स्वतःचं घर यांच्या शेजारी एच-इंडेक्सचा रकाना आला, तर मुलीकडच्यांची पंचाईत नको म्हणून तो कसा काढतात ते इथेच सांगून ठेवतो. आपल्या पेपरांची उतरती रांग लावायची: ज्याचा दाखला इतरांनी सर्वांत जास्त वेळा दिला तो पहिला, मग दुसरा, मग तिसरा. रांगेतल्या पहिल्या वीस पेपरांपैकी प्रत्येकाचा दाखला किमान वीस वेळा दिला गेला असेल आणि एकविसावा वीसवरच अडला असेल, तर तुमचा एच वीस. २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं सॅन दिएगोत बसून ही युक्ती काढली. युक्ती सुटसुटीत आहे, म्हणूनच ती पसरली. तिच्यात एक गंमत आहे. आयुष्यात तीनच पेपर लिहून एखाद्यानं जग उलटंपालटं केलं तरी त्याचा एच तीनच. याच हिर्शसाहेबांनी पुढे लिहून ठेवलं की निम्म्या शास्त्रज्ञांना हा इंडेक्स आवडतो, निम्म्यांना तो डोळ्यांसमोर नको असतो, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे ओळखायचं उत्तम साधन म्हणजे ज्याचा त्याचा एच-इंडेक्स.

मोजणीची ही कल्पना मुळात शास्त्रज्ञांची नाही, वकिलांची. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड यांच्या नावाची एक सूची निघत असे. एखाद्या जुन्या निकालाचा दाखला पुढे कोणकोणत्या खटल्यांत दिला गेला, हे तिच्यात बघायचं. म्हणजे उभं राहून मोठ्या तोऱ्यात एखादा निकाल वाचून दाखवावा आणि समोरच्यानं तो गेल्याच वर्षी फिरवला गेल्याचं सांगावं, अशी फजिती टळते. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये हीच पद्धत विज्ञानाला लावायचं सुचवलं आणि १९६४ पासून फिलाडेल्फियातून त्यांची विज्ञानाची सूची छापून यायला लागली. हेतू सरळ होता: एका पेपरवरून त्याच्या नात्यातले पुढचे पेपर शोधता यावेत. फरक एवढाच, की वकिलांच्या सूचीत दाखल्याशेजारी एक खूण असायची. निकाल मान्य केला, वेगळा काढला, की रद्द ठरवला, ते त्या खुणेवरून कळे. शास्त्रज्ञांच्या हिशेबात ती खूणच आली नाही. 'या थोर संशोधनाच्या आधारे' आणि 'या घोडचुकीमुळे', दोन्हीला एकेकच गुण.

या आकड्यांचा विचार करू लागलो की माझं मन दर वेळी एकाच माणसापाशी जाऊन अडतं. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात कोसबेन इथे १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले, बनारस, अलीगड, फर्ग्युसन आणि मग टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा नोकऱ्या केलेले, आणि १९६६ साली पुण्यात वारलेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारलं तर तो म्हणेल, भारताच्या इतिहासाला नवं वळण देणारे मार्क्सवादी इतिहासकार. संस्कृतवाला म्हणेल, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढणारे. नाणेशास्त्रातला माणूस तिसरंच सांगेल, भूमितीतला चौथंच. आणि भाताच्या नव्या वाणावर काम करणारी कृषी विद्यापीठातली एखादी मुलगी म्हणेल, कोसंबी म्हणजे ते फंक्शन ना?

अशा माणसाची प्रोफाइल काढायची म्हणजे पहिल्याच पायरीला ठेच. यंत्र आधी नाव बघतं, आणि नाव आहे डी. डी. कोसंबी. वडील धर्मानंद, बौद्ध धर्माचे आणि पालीचे मोठे पंडित. त्यांच्या वडिलांचं नाव दामोदर. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, म्हणून धर्मानंदांचा मुलगा पुन्हा दामोदर. म्हणजे बाप धर्मानंद दामोदर आणि मुलगा दामोदर धर्मानंद. आद्याक्षरांत दोघेही डी. डी. कोसंबी. हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेचा ४१ वा ग्रंथ विसुद्धिमग्ग, त्याच्या संपादनात वडील. ४२ वा सुभाषितरत्नकोश, व्ही. व्ही. गोखले यांच्याबरोबर मुलानं संपादलेला. लागोपाठच्या दोन खंडांवर दोन डी. डी. कोसंबी! माणसांचे गोंधळ निस्तरायला सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एखाद्या तरुणाला ही जोडी कुणी परीक्षेत घातली तर तो बारशाच्या रिवाजावर बंदी घालायची मागणी करील.

आता त्या फंक्शनबद्दल. गुणसूत्रावर जनुकं एका ओळीत बसलेली असतात. पुढच्या पिढीत जाताना जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकं किती वेळा एकमेकांपासून तुटली, त्यावरून त्यांच्यातलं अंतर काढायचं. पण तुटण्याची टक्केवारी म्हणजेच अंतर, असं धरता येत नाही. मधल्या मधे दोनदा अदलाबदल झाली तर जनुकं पुन्हा जोडलेलीच दिसतात आणि अंतर कमी भरतं. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर एक सूत्र दिलं. त्यात एक अदलाबदल दुसरीच्या आड येत नाही असं गृहीत होतं. प्रत्यक्षात ती येते. एका जागी तुकडा बदलला की शेजारी लगेच दुसरा बदलायला गुणसूत्र कांकूं करतं. कोसंबींनी १९४४ साली ही कांकूं धरून नवं सूत्र बसवलं. समजा, १०० पैकी २० वेळा जनुकं तुटली. हाल्डेनच्या हिशेबानं अंतर साडेपंचवीस, कोसंबींच्या हिशेबानं एकवीस आणि थोडंसं. निबंध पाने १७२ ते १७५, म्हणजे एकूण चार. जनुकशास्त्र हे काही कोसंबींचं घर नव्हे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवता शिकवता वाटेत दिसलेला प्रश्न त्यांनी सोडवला आणि ते पुढे गेले.

आज जगभरात गहू, तांदूळ, टोमॅटो, कशाच्याही गुणसूत्रांचा नकाशा काढायचा असो, सॉफ्टवेअर उघडलं की ते मधेच थांबून विचारतं: हाल्डेन की कोसंबी? त्या खिडकीत ही दोन नावं शेजारी शेजारी बसलेली असतात. नुसतं नाव ऐकून कोसंबी जपानी असावा, असं एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला वाटलं तर त्याचा दोष नाही. सायटेशन्सच्या भाषेत बोलायचं तर ही चार पानं म्हणजे घरातला कमावता मुलगा. आयुष्यभराच्या बाकीच्या लिखाणाची आर्थिक बाजू तोच सांभाळतो. भर्तृहरीसाठी शेकडो हस्तलिखितं ताडून बघितली, कार्ल्याच्या लेण्यांतल्या दानलेखांतलं धेनुकाकट कुठलं यावर डोकं शिणवलं, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर काठी टेकत अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं वेचली, आळंदी-पंढरपूरची वारी ज्या वाटेनं जाते ती वाट इतिहासपूर्व भटक्यांच्या हंगामी फिरस्तीची तर नव्हे, असा प्रश्न घेऊन म्हसोबा-बोल्हाईच्या ठाण्यांवर लोकांशी बोलत बसले. यातलं बरंच काही ज्या नियतकालिकांत छापलं गेलं, ती सूचीवाल्यांच्या खिजगणतीतही नव्हती. नाणेशास्त्राच्या संस्थेच्या मुखपत्राला कसला आलाय इम्पॅक्ट फॅक्टर?

मी मोजणीच्या विरोधात बोलतो आहे असं वाटत असेल तर थांबा. कोसंबींच्या नावानं तसं बोलणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्याइतका मोजणीवेडा माणूस आपल्या विद्वानांत सापडणं कठीण. चांदीची जुनी आहत नाणी घ्या. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही. नुसती चिन्हं: सूर्य, डोंगर, हत्ती, झाड. जुने अभ्यासक त्या चिन्हांचा अर्थ लावण्यात गुंतलेले. कोसंबींनी तराजू आणला. त्यांचं म्हणणं असं, की नाणं हातोहात फिरतं, झिजतं, वजनात उतरतं. एकट्या नाण्याचा भरवसा नाही, पण एकाच टांकसाळीतून एका वेळी निघालेल्या पुष्कळ नाण्यांची सरासरी काळाबरोबर ठरावीक गतीनं घटते, आणि त्यांच्या वजनातला आपापसातला फरक वाढत जातो. हे खरं की खोटं, ते तपासायला त्यांनी आधी चलनातली आधुनिक नाणी हजारोंनी तोलली, कारण त्यांच्यावर साल छापलेलं असतं. मग तक्षशिलेला सापडलेल्या ठेवींना हात घातला. तिथल्या नाण्यांच्या पाठीवर लहान लहान ठसे असतात. नाणं व्यवहारात तपासलं गेलं की सराफ त्यावर आपली खूण मारी. ज्या नाण्याच्या पाठीवर खुणा जास्त, ते सरासरीनं हलकं. म्हणजे खुणा हे वयाचं माप. या हिशेबातून एका ठेवीतल्या नाण्यांची कालक्रमानं रांग लागली, आणि राजांचीही.

सराफाची ही खूण म्हणजे सायटेशनच की. दर वेळी कुणी तरी नाणं हातात घेतलं, खरं आहे ना बघितलं, आणि पाठीवर टिंब उठवून पुढे दिलं. कोसंबींना या टिंबांतून काय कळलं? नाणं किती फिरलं ते. चांदी किती खरी, हे त्यांनी टिंबं मोजून ठरवलं नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा लागते. आणि त्यांच्या तराजूनं आणखी एक दाखवलं, ते आपल्या यादीवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवायला हवं: जे जास्त फिरतं त्याचं वजन कमी होतं.

कागदावर हे कसं घडतं, त्याचा उत्तम नमुना पुन्हा कोसंबीच. १९४३ साली त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात फलांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. एखादी गुंतागुंतीची, हलती, गोंधळाची गोष्ट कमीत कमी सुट्या घटकांत कशी मांडावी, याचं गणित त्यात होतं. त्याच दशकात फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्समध्ये शिकलेले लोएव्ह तिथेच पोचले. जगानं त्याला कार्हुनेन-लोएव्ह म्हटलं. चित्रं कमी जागेत साठवायला, माणसाचे चेहरे ओळखायला, खळाळत्या पाण्याचा अभ्यास करायला ते वापरलं गेलं. फार पुढे काही भल्या माणसांनी कोसंबींचं नाव त्या जोडीला चिकटवायला सुरुवात केली. मधल्या वर्षांत हिशेबाच्या वहीत त्या निबंधासमोर जवळजवळ शुकशुकाट होता. आणि आज तर कार्हुनेन आणि लोएव्ह यांचाही दाखला कुणी देत नाही. त्यांचं गणित फोनच्या आत जाऊन बसलंय. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं या प्रकाराचा अभ्यास करून ठेवलाय: एखादी कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिच्या धन्याचं नाव घ्यायची गरजच कुणाला उरत नाही. न्यूटनचा दाखला देऊन कोण आंबा झाडावरून पाडतो?

भूमितीतलं त्यांचं नशीब वेगळं निघालं. १९३३ साली एका नामांकित जर्मन नियतकालिकात त्यांचा समांतरतेवरचा निबंध आला, आणि त्याच अंकात, त्याच्या अगदी पाठोपाठ, थोर फ्रेंच भूमितिकार एली कार्तां यांची त्याच्यावरची टिपणी. पंचविशीतल्या अलीगडच्या मास्तरासाठी ही केवढी मोठी गोष्ट! १९३९ मध्ये चिनी गणितज्ञ शिंग-शेन चर्न यांनी तोच धागा पुढे नेला, आणि आज ती शाखा तिघांच्या आद्याक्षरांनी केसीसी म्हणून ओळखली जाते. कार्तांची ती टिपणी म्हणजे हिशेबात एक सायटेशन. आणि कुणी तरी 'इतरही पाहा' म्हणून कंसात घुसडलेली तेरा नावं म्हणजे तेरा सायटेशन्स.

त्यातही विषयागणिक भाव निराळा. गणितातला निबंध संदर्भांच्या बाबतीत कंजूष. आधीच्या दहाबारा जणांची नावं घेतली की संपलं. जीवशास्त्रातला पाहुणचारात सढळ, पन्नासशंभर नावांखेरीज त्याचं पान उठत नाही. इतिहासकार पुस्तकं लिहितो, आणि पुस्तक या वस्तूशी सूचीचं कधीच नीट जमलं नाही. १९५६ सालचं कोसंबींचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं पुस्तक घ्या, मुंबईच्या पॉप्युलरनं काढलेलं. त्याच्याशी भांडूनच पुढच्या पिढीचे कित्येक इतिहासकार वाढले. ते भांडण कुठल्या रकान्यात भरायचं? अव्वल दोन टक्क्यांची ती यादी करणारी मंडळी हे जाणून आहेत. त्यांनी विज्ञानाची बावीस क्षेत्रं आणि एकशेचौऱ्याहत्तर उपक्षेत्रं पाडली आहेत आणि ज्याची त्याची तुलना ज्याच्या त्याच्या उपक्षेत्रात करतात. न्यायाचं आहे. फक्त माणसानं आपापल्या उपक्षेत्रात राहायला हवं. कोसंबींना हे सांगायला कोण जाणार? ते पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला नोकरीला जात आणि संध्याकाळी परत येत. निदान गाडीत त्यांना एका जागी बसावं लागत असेल.

पण मला सगळ्यांत आवडतं ते त्यांनी स्वतः दिलेलं एक सायटेशन. अलीगडला आंद्रे व्हेल नावाचा तरुण फ्रेंच गणितज्ञ तेव्हा गणित विभागाचा प्रमुख होता. त्यानंच कोसंबींना बनारसहून तिथे आणलेलं. कोसंबींचं एका सहकाऱ्याशी बिनसलं होतं. त्याची जिरवायला व्हेलनं युक्ती सुचवली: एखाद्या भारदस्त, न ऐकलेल्या गणितज्ञाचा दाखला देऊन टाक. व्हेलच्या पॅरिसमधल्या कॉलेजात १९२३ साली एका विद्यार्थ्यानं खोटी दाढी लावून खोटं व्याख्यान ठोकलं होतं आणि त्यात एक प्रमेय बुर्बाकी या जुन्या फ्रेंच सेनापतीच्या नावावर खपवलं होतं. ते नाव व्हेलच्या डोक्यात होतंच. मग १९३१ च्या सुमारास संयुक्त प्रांतातल्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत कोसंबींचा निबंध आला: बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं एक व्यापक रूप. दुसऱ्या! पहिलं अर्थातच सर्वांना ठाऊक असणार. त्यात डी. बुर्बाकी नावाच्या एका अप्रसिद्ध रशियन गणितज्ञाचा आदरानं उल्लेख होता. गणिताच्या छापील इतिहासात बुर्बाकीचा हा पहिला दाखला.

खरी मजा पुढेच. तीनचार वर्षांनी व्हेल आणि त्याचे मित्र पॅरिसमध्ये जमले, सगळं गणित पायापासून नव्यानं लिहायचं ठरवलं, आणि मंडळाला नाव दिलं निकोला बुर्बाकी. त्या नावाखाली खंडामागून खंड निघाले. विसाव्या शतकातल्या गणिताची भाषा त्यांनी घडवली. म्हणजे माणूस नाही, जन्म नाही, नोकरी नाही, पेन्शन नाही, पण सायटेशन्स अशी की कुठल्याही फाट्यावरच्या फ्लेक्सनं लाजावं. आपण आजकाल बनावट संशोधकांच्या बातम्या वाचून हळहळतो. २०१० मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञानं आइक अँटकरे नावाचा एक अस्तित्वातच नसलेला शास्त्रज्ञ यंत्रानं लिहिलेल्या पेपरांच्या बळावर ९४ च्या एच-इंडेक्सपर्यंत चढवून दाखवला, तेव्हा केवढा गाजावाजा झाला. अलीगडला हे काम ऐंशी वर्षं आधी, हातानं, आणि कितीतरी ऐटीत झालं होतं.

कोसंबींच्या नशिबात उलट बाजूही होती. मूळ संख्यांच्या वाटणीबद्दल रीमाननं १८५९ मध्ये मांडलेलं अनुमान आजतागायत सुटलेलं नाही. कोसंबींना ते सुटलं असं वाटलं, आणि १९५९ मध्ये त्यांनी आपली मांडणी छापली ती कृषी संख्याशास्त्राच्या भारतीय संस्थेच्या नियतकालिकात. गणितातला सर्वांत अवघड प्रश्न आणि शेजारी बहुधा कापसाच्या उत्पन्नाचे तक्ते. सिद्धता टिकली नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतला त्यांचा करार पुढे चालू राहिला नाही. होमी भाभांशी संबंध ताणलेले होतेच, आणि हे रीमान प्रकरण त्याच्या कारणांत सांगितलं जातं. दोन वर्षांनी ते महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्यातच बसले. शेवटच्या वर्षांत मूळ संख्यांवरचे काही निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावानं छापले. हल्ली लोक आपल्या नावावर दुसऱ्याचे पेपर घेतात. हा गृहस्थ आपले पेपर दुसऱ्याच्या नावावर करत होता, आणि तो दुसरा माणूसही नव्हता. नाण्यांच्या तराजूवरचा त्यांचा एक सुरेख लेख फेब्रुवारी १९६६ च्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये आला. भारतातल्या जिवंत इतिहासपूर्व काळावरचा दुसरा फेब्रुवारी १९६७ मध्ये. दोघांच्या मधे, जून १९६६ मध्ये, ते गेले. एच-इंडेक्सचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. तो मेल्यावर कमी होत नाही.

म्हणून मी कधी कधी मनातल्या मनात कोसंबींना आजच्या एखाद्या विद्यापीठात पदोन्नतीच्या अर्जासह उभं करतो. त्यांचा स्वभाव ऐकून ठाऊक आहे, त्यामुळे मुलाखतीच्या दालनापर्यंत त्यांना नेत नाही. निवड समितीतल्या वृद्ध सदस्यांच्या रक्तदाबाचाही विचार करावा लागतो. अर्ज आस्थापना विभागातच ठेवतो. संशोधनाचा विषय (एकच लिहावा) या रकान्यात त्यांनी काय लिहिलं असतं? बहुतेक काहीच नाही. मग टेबलामागच्या भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून म्हटलं असतं, "सर, ड्रॉपडाउन आहे, काही तरी सिलेक्ट करावंच लागतं. नाही तर फॉर्म पुढे जात नाही." भाऊसाहेबांचं खोटं नाही. त्यांनी सिस्टीम बनवलेली नाही, त्यांना फक्त पाच वाजायच्या आत ती भरून घ्यायची आहे. शेवटी त्यांनीच दया येऊन 'गणित' निवडलं असतं, आणि त्याबरोबर भर्तृहरी, नाणी, कार्ले आणि बोल्हाई विषयाबाहेरचं काम म्हणून शून्य गुणांत गेली असती. जनुकांची चार पानं विषयाबाहेरचीच, पण सायटेशन्सचा आकडा बघून भाऊसाहेब क्षणभर थबकले असते आणि 'साहेबांना विचारून' असा पेन्सिलीनं शेरा मारून पुढे गेले असते.

यथावकाश अर्ज परत आला असता, त्रुटीपूर्ततेच्या पत्रासह. अर्जदार व त्यांचे वडील यांची आद्याक्षरे समान असल्याने दोघांच्या प्रकाशनांबाबत स्वतंत्र प्रतिज्ञापत्र सादर करावे. एस. ड्युक्रे हे अर्जदारच असल्याबाबत राजपत्रात नावबदल प्रसिद्ध झाल्याची छायांकित प्रत जोडावी. तराजूची खरेदी कोणत्या लेखाशीर्षातून झाली ते नमूद करावे. तसेच १९३१ च्या शोधनिबंधात अन्य संशोधकाच्या प्रमेयाचा वापर केल्याचे निदर्शनास आले असून, त्याबाबत श्री. डी. बुर्बाकी यांचे ना-हरकत प्रमाणपत्र, मूळ प्रतीत, पंधरा दिवसांच्या आत या कार्यालयास पोचेल असे पाहावे.